दगूनाना लाईव्ह आहेत

दगूनाना चहाचासुद्धा लिलाव करतात. आमच्या केंद्रात संध्याकाळी समोरच्या टपरीवरून चहा येतो. माणसं पाच असली तर टपरीवाला चार कप पाठवतो, आणि चार असली तर तीन. दुसरं कुणी असतं तर "अर्धा अर्धा घेऊ" म्हणून मोकळं झालं असतं. नाना शेवटचा कप हातात उंच धरतात, घसा खाकरतात आणि सुरू होतात, "बोला! आल्याचा चहा, कडक माल, वर साय नाय! कोण घेतो? बोला पटापट, माल गार होऊ राहिला!" मग कुणीतरी "आज कॉट मी पुसतो" अशी काहीतरी बोली लावल्याशिवाय तो कप खाली येत नाही. मी या लिलावात कधी पडत नाही. मी केंद्राची चिटणीस आहे, माझा कप मी आधीच उचलून बाजूला ठेवलेला असतो.

केंद्र म्हणजे कसलं केंद्र, ते सांगते, नाहीतर म्हणाल बाई चहातच बुडाली. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत एका भल्या माणसाच्या बंगल्याचं गॅरेज आहे. तिथं आम्ही रुग्णसाहित्य ठेवतो. कॉट, वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, हवेच्या गाद्या, ऑक्सिजनची मशीन. आजारी माणूस घरी आणला की हे सगळं तातडीनं लागतं, आणि काम संपलं की घरात कुठं ठेवावं ते कळत नाही. आम्ही ते वापरायला देतो. भाडं नाही, नुसती अनामत, तीही परत. सगळा गाडा लोकांच्या देणग्यांवर चालतो, म्हणजे कधी चालतो आणि कधी ढकलावा लागतो.

मी सातपूरच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात आयुष्य काढलं. कामगार जरा उशिरा आला की माझ्याच पोटात दुखायचं. त्यामुळे स्वभाव थोडा खरखरीत आहे, हे आमचे ह्यांनी लग्नानंतर लगेच सांगितलं होतं आणि अजूनही अधूनमधून सांगतात. अशा माझ्या पदरात दगूनाना पडले.

नाना लासलगावचे. तिथं कांद्याच्या लिलावात ते भाव पुकारायचे. ट्रॉलीमागून ट्रॉली, उन्हात उभं राहून, गळ्याच्या शिरा ताणून. निवृत्त झाल्यावर सातपूरला फ्लॅट घेऊन राहायला आले. पहिल्या दिवशी केंद्राच्या दारात उभे राहून नुसतं "नमस्कार" म्हणाले, तर बंगल्याच्या वरच्या मजल्यावरच्या आजींनी "या, बसा" असं उत्तर दिलं. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, टोपी, आणि मिशी अशी की खाली ओठ आहेत हे विश्वासानंच मानावं लागतं.

"काय हवंय?" मी विचारलं.

"काय नाय. माल बघायला आलो."

आणि खरंच माल बघितला. कॉटवर टिचकी मारली, व्हीलचेअरचं चाक फिरवून कानाशी नेलं, वॉकर उलटा करून त्याची रबरी बुचं चाचपली. "ह्याचं बूच गेलं ताई. म्हातारं माणूस घसरंल." दुसऱ्या दिवशी खिशातून बुचं आणि तेलाची बाटली घेऊन हजर. तेव्हापासून रोज येऊ लागले. कुणी नेमलं नाही, कुणी पगार विचारला नाही. सुरुवातीला मात्र अर्धा तास टेकले न टेकले की चुळबूळ सुरू व्हायची. सारखं घड्याळ बघायचं, आणि हातातलं काम तसंच टाकून बसस्टॉपकडे पळायचं. मी एकदा विचारलं, "नाना, घरी कोण असतं?"

"मंडळी हाये."

"त्यांनाही आणा की एकदा."

"आणू, आणू," म्हणाले आणि लगेच एका नटाला जाऊन भिडले. मीही उकरलं नाही. माणूस वेळेवर येतोय ना, मग त्याच्या घरचं विचारू नये, हा आमच्या टाइम ऑफिसाचा नियम.

आता देणग्यांचं बघा. आमचे जुने देणगीदार म्हातारे होत चालले होते. पूर्वी जे चेक द्यायला यायचे, ते आता वॉकर न्यायला यायला लागले. अध्यक्ष शिरोडे सर कापडाचे व्यापारी, वाऱ्याची दिशा त्यांना आधी कळते. ते म्हणाले, "आता डिजिटल झालं पाहिजे." झालं! केंद्राचं पेज निघालं. त्याला लाईक्स आले ते सगळे आमच्याच भाचे-पुतण्यांचे. क्यूआर कोड आला, तो लॅमिनेट करून भिंतीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी लावला. पैसे येऊ लागले आणि दसऱ्यानंतर अचानक बंद झाले. सायलीला, म्हणजे सरांच्या पुतणीला, फोन केला, बँकेत हेलपाटे घातले, काही कळेना. शेवटी मी चष्मा लावून भिंतीजवळ गेले. खंडेनवमीला नानांनी सगळ्या अवजारांची पूजा केली होती. कॉटला हळदकुंकू, वॉकरला हळदकुंकू, आणि क्यूआर कोडलाही, चांगलं बोटभर जाड, मधोमध.

"नाना, हे काय केलंत?"

"लक्ष्मी यायची वाट हे ना ती, ताई? मंग तिलाच सोडू?"

कपाळ! मी ओला फडका घेतला आणि लक्ष्मीची वाट पुसून काढली.

लाईव्हचं खूळ त्यानंतर शिरलं. मी एकदा मोबाईल लावून केंद्राची माहिती देणारा व्हिडिओ करत होते. नाना मागे उभं राहून बघत होते.

"ताई, हे कुठवर जातं?"

"जगात कुठंही. अमेरिकेत बसून माणूस बघू शकतो, अगदी ह्या क्षणाला."

"अमेरिका ऱ्हाऊ द्या. सातपूरला नीट ऐकू जाईल का?"

मी इतकी हसले की व्हिडिओ पुन्हा करावा लागला. पण नाना गंभीर. कसं सुरू करायचं, कसं बंद करायचं, बघणाऱ्यानं कुठं बोट लावायचं, सगळं माझ्याकडून घोकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चाकं असलेल्या एका वॉकरला रबरबँडनं मोबाईल बांधला आणि तो वॉकर ढकलत गॅरेजभर फिरू लागले. दगूनाना लाईव्ह झाले. त्या दिवशी ते बसस्टॉपकडे पळाले नाहीत. चारला सुरू केलं ते सातला थांबले, आणि तेव्हापासून रोजचा तोच रतीब.

काय असायचं त्या लाईव्हमध्ये? सगळं. "हां, तर आता ह्या कॉटचा दांडा खोलू राहिलो. गंजलाय. तेल सोडलं. आता तेलाला टाइम द्यायचा." मग स्क्रीनवर नुसता दांडा. बऱ्याच वेळानं आवाज यायचा, "इथंच हाये बरं का, गेलो नाय कुठं." मधेच प्रेक्षकांना दम भरायचा, "पाणी प्या घोटभर. नुसतं बघत पडू नका. पाय आखडला आसंल तर हलवा जरा." मला वाटायचं, आमच्याकडून सामान नेणारी आजारी माणसं बघत असतील, त्यांच्यासाठी असेल. शिरोडे सरांना वाटायचं, नानांना जरा कमी दिसतंय, ते वॉकरशीच बोलतात.

आणि मग लिलाव! व्हीलचेअर समोर आणायची, दोनदा गोल फिरवायची, सीट दाबून दाखवायची. "बोला! एक नंबर माल, चाक बघा, ब्रेक बघा! हिच्यासाठी कोण किती देतो? बोला!" अकरा रुपये आले तरी नाना टोपी सरळ करून नाव पुकारायचे. लासलगावला बारक्या कांद्याला गोल्टी म्हणतात. नाना छोट्या देणगीला गोल्टी म्हणायचे. "आली, गोल्टी आली! देवळालीहून आली! हसू नका कुणी, गोल्टीनं पण ट्रॉली भरती!" ती गोल्टी पाठवणाऱ्या देवळालीच्या मुलीनं पुढं तिच्या कॉलेजच्या अख्ख्या ग्रुपला कामाला लावलं. वर्गणीच्या पावतीवर आम्ही नुसतं "साभार पोच" लिहायचो. नाना माणसाचं नाव असं पुकारायचे की त्याला स्वतःच्या नावाचा मान वाटावा.

पण याच लिलावानं एकदा आमची फजिती केली. एका सकाळी केंद्रापुढं टेम्पो उभा राहिला. त्यातून इंदिरानगरचे एक निवृत्त साहेब उतरले, इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाईल.

"माझी खुर्ची द्या."

"कोणती खुर्ची?"

"कमोडची. काल तीन वार झाले, शेवटची बोली माझी होती. पैसे पाठवलेत, हे बघा."

"अहो साहेब, ती देणगी होती. खुर्ची गरजूंसाठी असते."

"मग लिलाव कशाला पुकारला?"

तेवढ्यात मागून नाना आले. सगळं ऐकून घेतलं आणि मलाच म्हणाले, "ताई, तीन वार झालं. माल त्यांचा झाला. आता आपण हात लावायचा नाय."

"अहो नाना, पण ते करणार काय हिचं?"

"ते गिऱ्हाईक बघंल. शब्द फिरवला तर उद्या बोली कोण लावंल?"

आणि स्वतः खुर्ची पुसून, नारळ ठेवून, टेम्पोत चढवून दिली. मी डोक्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी तोच टेम्पो परत. साहेबांच्या मंडळींनी खुर्ची फाटकाच्या आत येऊ दिली नव्हती. घरात सगळे धडधाकट असताना हे काय घेऊन आलात म्हणून साहेबांनाही बराच वेळ फाटकातच उभं केलं होतं. "ठेवून घ्या," ते हळूच म्हणाले. संध्याकाळी नानांनी तीच खुर्ची पुन्हा लिलावाला काढली, "एकदा घरी जाऊन आलेली, पण न वापरलेली!" आणि पहिली बोली कुणाची? त्याच साहेबांची. ते आता दर महिन्याला बोली लावतात आणि खाली लिहितात, "डिलिव्हरी नको."

एवढं सगळं गमतीचं होतं खरं, पण पैसा म्हणावा तसा येत नव्हता. तेव्हा सरांनी सायलीलाच बोलावलं. ती एका कंपनीत हेच काम करते, घरी बसून. पोरगी हुशार, कामसू आणि आमच्यासाठी फुकट. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "इमोशनल कनेक्ट पाहिजे. एखाद्या पेशंटची स्टोरी घेऊ, एखादी आजी. चेहरा दिसला की लोक देतात."

"तोंड नाय दाखवायचं," नाना म्हणाले.

"पण नाना, सगळ्या संस्था असंच करतात."

"करू द्या. हे बघ बाई, लिलावात कांदा ओतून दाखवत्यात. शेतकरी मागं उभा ऱ्हातो. त्याला आजच पैसा पाहिजे, हे एकदा व्यापाऱ्याला त्याच्या तोंडावर दिसलं, की भाव पडला म्हणून समज. माल दाखवायचा. गरज नाय दाखवायची."

सायलीनं ते ऐकून घेतलं. मग तिनं काय करावं? तिनं एका वॉकरचं रील केलं. चेहरा एकही नाही. नुसती पावलं. पैंजण घातलेली पावलं, भेगा पडलेली पावलं, प्लास्टर काढलेला एक पाय, आणि तोच वॉकर एका घरातून दुसऱ्या घरात. ते रील असं पळालं की बस. कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांनी पैसे पाठवले. शिरोडे सरांचा मोबाईल दुकानात सारखा वाजायला लागला, गिऱ्हाइकांना वाटलं सरांनी काहीतरी जिंकलं. नानांनी ते रील स्वतः कितीदा तरी बघितलं आणि सायलीला खिशातून खडीसाखर काढून दिली.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये मात्र सायलीनं लॅपटॉप उघडला. "एक अडचण आहे. आपलं पेज रोज तीन तास लाईव्ह असतं आणि ते कुणी बघत नाही. त्यामुळे आपली रील्ससुद्धा लोकांपर्यंत कमी पोचतात. लाईव्ह बंद करावं लागेल." मग नानांकडे वळून मऊ आवाजात म्हणाली, "रागावू नका नाना. लिलावाच्या वेळी थोडे लोक येतात. बाकी पूर्ण वेळ बघणारा एकच असतो."

"मंग त्या एकाचं काय?" नाना म्हणाले.

आम्ही हसलो. नाना हसले नाहीत. मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारा हा माणूस उभा राहिला. "सर, लाईव्ह बंद नका करू. बाकी काय बी सांगा. झाडू मारतो. ते रील का काय त्यात नाच म्हटलं तर नाचतो. पण हे बंद नका करू."

"अहो नाना, इतकं काय आहे त्यात?" सरांनी विचारलं. नाना टोपी काढून नुसते हातात फिरवत बसले. शेवटी सरांनी मधला मार्ग काढला. शनिवारपर्यंत लाईव्हमधून एका नव्या ऑक्सिजन मशीनचे पैसे जमले तर लाईव्ह राहील, नाहीतर सोमवारपासून बंद. मी सायलीच्या बाजूनं हात वर केला. हिशेब स्पष्ट होता, आणि मला नानांचा तो हट्ट म्हातारचळ वाटला.

तो आठवडा नानांनी जिवाचं रान केलं. लासलगावच्या जुन्या व्यापाऱ्यांना फोन लावले. ते बिचारे प्रेमानं लाईव्ह बघायला आले आणि प्रत्येकानं खाली एकच लिहिलं, "नाना, उन्हाळ कांदा काय भाव?" नाना ओरडायचे, "भाव यार्डात विचारा! इथं दान करा!" की लगेच पुढची कमेंट, "पण वाढंल का?" नानांनी स्वतःची टोपी लिलावाला काढली. हातातलं चांदीचं कडं काढलं, ते मी रागावून परत घालायला लावलं. पैसे येत होते, पण मशीन लांब होती. नानांचा आवाज बसला. डबा आणायचे, तो तसाच परत न्यायचे.

शनिवारी पण ट्रॉली काही भरेना. नाना घसा फाडून पुकारत होते, आणि मध्येच त्यांचा मोबाईल तापून तापून काळा पडला. गप्प. दाबला, हलवला, फुंकर मारली. काही नाही.

"ताई! आवाज गेला!"

"जाऊ द्या हो. गार होईल घटकाभरात. कुणी बघत तरी..."

नाना खिसे उलटेपालटे करत होते. लिलावात शेकडो माणसांपुढं न डगमगलेला माणूस, आणि त्याला खिशातला रुमाल सापडेना. मी माझा फोन पुढं केला, "घरी लावायचाय का? नंबर सांगा."

"नंबर त्यातच हे. त्या काळ्यात. आन तिला उचलता नाय यायचा." मग एकदम माझ्याकडं वळले. "ताई, मला घरी सोडा. गाडीवर. आत्ताच्या आत्ता."

मग काय, निघालो. माझी स्कूटी मुळात माझ्याच वजनानं कुरकुरते, तिच्यावर मागे नाना. सातपूरला नेमकी पाळी सुटलेली. चारी बाजूंनी मोटारसायकली, डबे लटकवलेली माणसं, आणि मागून कानात सारखं, "दाबा ताई, दाबा!"

"नाना, सिग्नल आहे!"

"मोकळा हे, मोकळा हे, दाबा!"

जुन्या कारखान्यातल्या दोघातिघांनी मला ओळखून हात केला. दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांच्या कानावर काय जाणार, याचा विचार करायलाही सवड नव्हती.

नानांचं घर दुसऱ्या मजल्यावर. कुलूप बाहेरून. त्यांच्या हातून किल्ली लागेना, आत कळावं म्हणून मी दार ठोठावलं, मग त्यांच्या हातातून किल्ली घेतली आणि मीच उघडलं.

आतल्या खोलीत खिडकीला लागून कॉट होती. तिच्यावर एक बारीकशी बाई, उजवा हात पांघरुणावर नुसता ठेवल्यासारखा, तोंडाचा एक कोपरा खाली ओढलेला. केस स्वच्छ विंचरून वेणी घातलेली, आणि ती वेणी पुरुषी हातानं घातलेली आहे हे कुणालाही कळावं. तिच्या डोळ्यांसमोर खिडकीच्या गजाला सुती पट्टीनं एक मोबाईल बांधला होता. त्यावर आमचं पेज उघडं होतं, आणि लिहिलेलं होतं की लाईव्ह संपलं.

म्हणजे तो एक प्रेक्षक ही होती.

"घाबरली का गं?" नाना धापा टाकत तिच्यावर वाकले. "मोबाईल तापला. मी कुठं गेलो नव्हतो. लगीच आलो, ताईंच्या गाडीवर आलो."

"घाबरलेच," ती म्हणाली. शब्द सावकाश येत होते, पण नीट येत होते. "एकदम आवाज गेला. म्हटलं काय झालं." मग माझ्याकडे बघून, "बसा ताई. अहो, चहा टाका त्यांना."

नाना आत गेले. भांड्यांचा आवाज सुरू झाला. मी कॉटजवळच्या खुर्चीत बसले. रडू येत होतं आणि नानांचा रागही येत होता. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं!

"वहिनी, मला काहीच माहीत नव्हतं."

"ते सांगायचे नायत कुणाला." वहिनींनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. "मी पडले ना ताई, तेव्हापासून हे ह्याच खुर्चीत. सकाळ-संध्याकाळ माझ्या तोंडाकडं बघत. एवढा बोलका माणूस, बोलायचा बंद झाला. जेवायचे नाय. मला वाटलं, मी ऱ्हाईन, आन हेच जातील. मीच म्हटलं, बाहेर जा. माणसांत जा. घटकाभर जायचे, की पळत माघारी. तुला एकटी कशी टाकू म्हणे. शेजारच्या मंगलबाईकडं किल्ली हे, ती डोकावती, तरी नाय." वहिनींनी गजाला बांधलेल्या मोबाईलकडे बघितलं. "मंग एक दिवस ते मोबाईलचं घेऊन आले. म्हणे, तुला मी दिसंन, माझा आवाज येईल. मी म्हटलं, हां, तेवढं दिसले तर मला लय बरं वाटंल. मंग कुठं निवांत गेले."

आतून नानांनी विचारलं, "ताईंना साखर किती?"

"दोन!" वहिनींनीच सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही ते बंद करणार म्हणे. नका करू ताई. बंद झालं की हे परत ह्या खुर्चीत येऊन बसतील."

"कोण बंद करतंय?" मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका चढला की आतला चमचा थांबला. "चिटणीस मी आहे. सायलीला दुसरं पेज उघडायला लावते, खास नानांचं. मशीन जमो न जमो. कुणी बोलून तर बघू दे!"

वहिनी हसल्या. अर्ध्या तोंडानं हसल्या, पण डोळे पूर्ण हसले. मग त्यांनी मला जवळ वाकायची खूण केली.

"एक सांगू? त्यांना नका सांगू."

"नाही सांगत."

"मी बघत नाय ते." त्यांनी आतल्या दाराकडे नजर टाकली. "सुरू झालं की जराशी बघते. मंग ते नटाला तेल सोडायला लागले, की मला झोपच लागती. रोजच. आता पण झोपलेली होते. तुम्ही दार ठोठावलं तेव्हा जागी झाले."

मी तोंडावर पदर धरला. त्यांच्या पांघरुणाखाली पोट हलत होतं. तेवढ्यात नाना ताटलीत कप घेऊन बाहेर आले.

"काय चाललंय बायांचं?"

"ताई विचारू राहिल्या," वहिनी म्हणाल्या, "तीन-तीन तास सगळं बघती का म्हणून."

"मंग? काय सांगितलं?"

"म्हटलं, एक मिनिट सोडत नाय."

नाना कॉटच्या कडेवर बसले. बशीत चहा ओतला, फुंकर मारून निववला आणि बशी तिच्या ओठांच्या चांगल्या कोपऱ्याशी धरली. तो चहा पोटात गेल्यावर मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"बघा ताई," ते म्हणाले. "आन तुम्ही म्हणता, कुणी बघत नाय."